उतरत्या नजरेचा नेम

चष्म्याला 'चाळिशी' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी देहाचा एक नियम एका शब्दात नोंदवून ठेवला आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातील भिंगाची लवचीकता इतकी उणावते की, पुस्तक हातभर लांब धरल्यावाचून अक्षर लागत नाही. पोथी वाचणाऱ्याला, हिशेब लिहिणाऱ्याला, सुईत दोरा ओवणाऱ्या गृहिणीला हा अनुभव येतो आणि एक साधा चष्मा घेऊन ही मंडळी पुढे चालू लागतात. त्यात कोणाला धर्मसंकट वाटत नाही. परंतु ज्याने हौसेने नेमबाजीचा छंद जोपासला आहे, आठवड्यातून एकदोन दिवस कागदी लक्ष्यापुढे उभे राहण्यात ज्याला आनंद वाटतो, अशा गृहस्थाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या हाती पोथी नसून शस्त्र असते. आपल्याला पूर्वीसारखे दिसत नाही, हे कळल्यावर नेम धरण्याचा आपला अधिकार किती उरला आणि तो ठरवावयाचा कोणी, हा प्रश्न त्याला केव्हा तरी स्वतःस विचारावाच लागतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

ज्या वाचकांनी बंदूक कधी हाती घेतली नसेल त्यांच्यासाठी मूळ अडचण प्रथम सांगितली पाहिजे. साध्या बंदुकीच्या किंवा पिस्तुलाच्या मागील बाजूस एक खाच असते आणि नळीच्या पुढील टोकावर एक बारीक उंचवटा असतो. त्याला माशी म्हणतात. खाचेतून माशी पाहावयाची आणि माशी लक्ष्याशी जुळवावयाची, एवढीच ही विद्या. परंतु खाच जवळ, माशी तिच्या पुढे आणि लक्ष्य दहा, पंचवीस किंवा पन्नास मीटरांवर. मानवी डोळा एका क्षणी एकाच अंतरावरची वस्तू रेखीव दाखवू शकतो. विशीतल्या मुलाला विचारले तर तो सांगेल की, मला तिन्ही स्पष्ट दिसतात. त्याचे म्हणणे प्रामाणिक असते, पण खरे नसते. त्याचे लवचीक भिंग या तीन अंतरांमध्ये इतक्या झटपट ये-जा करते की, त्या धावपळीचा मनाला पत्ताच लागत नाही. वय वाढते तशी ही धावपळ मंदावते आणि साठीच्या सुमारास जवळजवळ थांबते. तेव्हा माणसाला प्रथमच कळते की, तिन्ही गोष्टी एकदम पाहण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी कधी नव्हतेच. आता निवड करणे भाग पडते. एक रेखीव पाहावयाची तर उरलेल्या दोन धूसर राहू द्यावयाच्या.

कोणती पाहावयाची? येथे आपल्या सर्वांच्या मनात द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा उभी राहते. झाडावरचा पक्षी, त्याच्यापुढे एकेक राजपुत्र. कोणाला झाड दिसते, कोणाला फांद्या दिसतात, कोणाला गुरू आणि भाऊही दिसतात. अर्जुनाला मात्र पक्ष्याच्या मस्तकाखेरीज काही दिसत नाही. पुराणिकांनी ही कथा एकाग्रतेचा वस्तुपाठ म्हणून शतकानुशतके सांगितली आहे आणि ती तशी आहेही. पण बंदुकीच्या बाबतीत जो नवशिका अर्जुनाचे अनुकरण करून केवळ लक्ष्याकडेच टक लावून पाहतो, त्याची गोळी हमखास भरकटते. येथे गुरू सांगतात की लक्ष्य धूसर राहू दे. तू माशी पाहा. लोकपरंपरेत द्रौपदीस्वयंवराची जी कथा सांगतात तीत अर्जुन वर फिरणाऱ्या माशाकडे पाहतच नाही. तो खाली पाण्यातील प्रतिबिंब पाहतो आणि बाण वर सोडतो. बंदुकीची विद्या पक्ष्याच्या कथेपेक्षा या माशाच्या कथेस अधिक जवळची आहे, असे मला वाटते.

याला गणिताचा आधार आहे. हवाई पिस्तुलात खाच आणि माशी यांच्यामधील अंतर सुमारे ३५ सेंटीमीटर असते असे धरू. हात किंचित कापून संपूर्ण पिस्तूल एक मिलिमीटर बाजूस सरकले, पण खाच आणि माशी यांची जुळणी बिघडली नाही, तर दहा मीटरवरच्या लक्ष्यावर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. उलट हात स्थिर राहिला आणि माशी मात्र खाचेत एक मिलिमीटर कलली, तर छर्रा तब्बल २८ मिलिमीटर दूर जाऊन पडतो. कारण ही चूक कोनाची असते आणि कोनाची चूक अंतराबरोबर वाढत जाते. दहा मीटर हवाई पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे दूरचे लक्ष्य थोडे पुसट दिसले तर फारसे बिघडत नाही. जवळची माशी पुसट दिसली की सर्व बिघडते. वृद्ध नेमबाजाचे दुःख नेमके हेच की, त्याचा डोळा दूरचे अजून बऱ्यापैकी दाखवितो आणि जवळचे नाकारतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. पण नेहमीचा चष्मा येथे उपयोगी पडत नाही, हे पुष्कळांना उशिरा उमगते. वाचनाचा चष्मा सुमारे चाळीस सेंटीमीटर अंतरासाठी केलेला असतो. माशी त्याच्या दुपटीहून पुढे असते, म्हणून त्या चष्म्यातून तीही अंधूक आणि लक्ष्य तर नाहीसेच होते. दुहेरी भिंगाचा चष्मा घातला तर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते आणि उभे राहण्याची सारी बैठक मोडते. जाणते नेत्रवैद्य म्हणून दूरच्या नंबरात अर्धा किंवा पाऊण अंश मिळवून नेमबाजीपुरते स्वतंत्र भिंग करून देतात. मात्र त्यांच्याकडे जाण्यापूर्वी नेम धरलेल्या स्थितीत डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर फितीने मोजून न्यावे. 'साधारण एवढे' असे हात पसरून दाखविल्याने काम होत नाही. दुसरा उपाय सूक्ष्म छिद्राचा. आपल्या आजोबांना चष्मा सापडला नाही म्हणजे ते मूठ वळून तिच्या फटीतून पंचांग पाहत असत, त्याचेच हे शास्त्रीय रूप आहे. एक-दीड मिलिमीटरच्या छिद्रातून पाहिले असता जवळचे आणि दूरचे दोन्ही एकाच वेळी पुष्कळसे रेखीव होते. याची किंमत प्रकाशाने चुकवावी लागते. साठीच्या डोळ्याची बाहुली आधीच आकसलेली आणि भिंग पिवळसर झालेले असते; विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे तिसरा हिस्साच प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो, असे मानतात. तेव्हा वृद्धाने सायंकाळची हौस सोडून सकाळची वेळ धरावी, हे बरे.

मोतीबिंदू झाला असेल तर शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो. डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची कल्पना हॅरॉल्ड रिडली या इंग्रज शल्यवैद्याने १९४९ साली लंडनमध्ये प्रत्यक्षात आणली. महायुद्धात विमानांच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा त्यांना फारसा विरोध करीत नाही, असे त्याला दिसले होते. युद्धातल्या जखमेतून निघालेले हे ज्ञान आज खेड्यापाड्यांतील वृद्धांना दृष्टी परत देत आहे. पण साधे कृत्रिम भिंग लवत नाही. ते एकाच अंतरासाठी बसविले जाते, आणि ते अंतर कोणते असावे हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे लागते. निवडीचा जो प्रसंग नेमबाजावर खाचेपुढे येतो, तोच येथे शस्त्रक्रियेच्या मेजावर येतो.

या साधनांचा वापर म्हणजे फसवणूक नव्हे काय, असा आक्षेप क्वचित ऐकू येतो. ऑलिंपिकमधील रायफल व पिस्तूल स्पर्धांच्या नियमांनी याचे उत्तर मोठ्या समंजसपणे दिले आहे. नेमबाजास चष्म्याचे भिंग वापरता येते. दुर्बीण बसविलेली बंदूक वापरता येत नाही. गेलेली दृष्टी परत मिळविण्यास मोकळीक आहे, निसर्गाने दिली त्याहून अधिक दृष्टी उसनी घेण्यास नाही. स्पर्धेबाहेर, निव्वळ आनंदासाठी नेम धरणाऱ्याने दुर्बीण लावली तर त्याला कोण अडविणार? दुर्बिणीत लक्ष्य आणि नेमाची खूण एकाच अंतरावर दिसतात, त्यामुळे थकलेल्या भिंगाची निवडीची कटकट संपते. माझे म्हणणे एवढेच की, अशा माणसाने आपल्या वहीत नवे पान उघडावे. दुर्बिणीने मिळविलेले गुण जुन्या गुणांच्या रकान्यात लिहून 'वय झाले तरी नेम कायम आहे' असे पाहुण्यांना सांगणे ठीक नव्हे.

वय झाल्यावर नेम कायम राहिल्याची उदाहरणे नाहीत असे मात्र नाही. स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, धावत्या हरणाच्या आकृतीवर नेम धरण्याच्या सांघिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी तर पासष्टी उलटल्यावर, १९९९ च्या सुमारास, नातीच्या सोबतीने नेमबाजीच्या मैदानावर गेल्या असता प्रथमच पिस्तूल हाती घेतले, आणि २०२१ साली त्या निवर्तल्या तेव्हा साऱ्या देशाने त्यांना 'शूटर दादी' म्हणून आठवले. बेळगावच्या शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे जागतिक विजेतेपद मिळविले होते. ऑलिंपिकचे मैदान त्यांना प्रथम लाभले ते २०२१ साली टोकियोत, वयाच्या चाळिशीत. पॅरिस येथे २०२४ साली तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे यूसुफ डिकेच साधा नेहमीचा चष्मा लावून, एक हात खिशात घालून, दोन्ही डोळे उघडे ठेवून उभे राहिले आणि मिश्र सांघिक पिस्तुलात रौप्यपदक घेऊन गेले. त्यांचे ते छायाचित्र जगभर गाजले. आणखी एक उदाहरण वयाचे नसून दृष्टीचे आहे, पण आपल्या विषयाला ते फार जवळचे आहे. कोरियाचे धनुर्धर इम डाँग-ह्युन यांची दृष्टी इतकी अधू होती की, सत्तर मीटरवरचे लक्ष्य त्यांना रंगांच्या डागांसारखे दिसे. त्यांनी २०१२ साली लंडनमध्ये ७२ बाणांत ७२० पैकी ६९९ गुण मिळवून विश्वविक्रम केला. आपल्याला धूसर दिसते याची तक्रार न करता त्या धूसरपणाची त्यांनी इतकी ओळख करून घेतली होती की, तोच त्यांना पुरेसा झाला.

ही उदाहरणे वाचून उभारी येते. त्यांनी आपला प्रश्न मात्र सुटत नाही; कारण या सर्वांचे लक्ष्य दुसऱ्या कोणी मांडलेले, त्यामागची जागा दुसऱ्या कोणी मोकळी करून ठेवलेली होती. नजर उतरल्याने होणारे नुकसान दोन जातींचे असते, आणि पुष्कळ माणसे या दोहोंची गल्लत करतात. एक नुकसान गुणांचे. काल ज्याचे छर्रे नवाच्या वर्तुळात पडत त्याचे आज सातात पडू लागले, तर त्यात त्याच्या अभिमानाखेरीज कोणाचेही काही जात नाही. देवळातील वृद्ध पुराणिकाचे उदाहरण घ्यावे. त्यांना पोथीची अक्षरे आता लागत नाहीत. तरी ते पान उलटतात, पाठ असलेले सांगतात, एखादे ठिकाणी अडखळतात आणि समोरची एखादी आजी हळूच पुढचा शब्द पुरविते. त्यांनी पुराण सांगणे थांबवावे असे कोणी म्हणत नाही. माझ्या मते म्हणूही नये. दुसरे नुकसान याहून वेगळे. लक्ष्याच्या मागे काय आहे, बाजूने कोण येत आहे, हालचाल झाली ती पानांची की माणसाची, हे न दिसण्याचे ते नुकसान आहे. त्याची किंमत नेम धरणारा देत नाही; ती दुसराच कोणी देतो.

आपल्या पुराणकथांनी या दुसऱ्या नुकसानीचे भय फार पूर्वी ओळखले होते. दशरथाची कथा सर्वांस ठाऊक आहे. शरयूच्या काठी, पावसाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री, घडा भरल्याचा आवाज त्याच्या कानी आला. हत्ती पाणी पीत आहे असे समजून त्याने शब्दवेधी बाण सोडला आणि आंधळ्या मातापित्यांचा एकुलता आधार नाहीसा केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दशरथ तेव्हा तरुण होता आणि त्याच्या कौशल्यात काही उणे नव्हते. बाण जेथे जावयास हवा होता तेथेच गेला. न पाहता मी ओळखले, हा जो त्याचा विश्वास होता त्यात दोष होता. श्रीकृष्णाच्या अवतारसमाप्तीची कथाही अशीच आहे. वनात पहुडलेल्या भगवंतांना मृग समजून एका व्याधाने बाण मारला. त्या व्याधाचे नाव महाभारतात 'जरा' असे आले आहे. हे नाव व्यासांनी कोणत्या हेतूने योजले हे पंडितांनी सांगावे. मला एवढेच जाणवते की, वार्धक्याचे नाव धारण करणाऱ्या एका धनुर्धराला जे दिसले ते प्रत्यक्षात तसे नव्हते, आणि बाण सुटून गेल्यावर, जवळ जाऊन पाहिल्यावर त्याला ते कळले.

सुदैवाने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचा काळ आपल्या देशात संपला आहे. सह्याद्रीच्या रानांत रात्री बॅटरीच्या झोतात चमकणाऱ्या दोन डोळ्यांवर गोळी झाडणारे शिकारी आता आठवणींतच उरले. आजचा हौशी नेमबाज कागदापुढे उभा असतो. तरी त्याच्यापुढे धोका नाहीच असे नव्हे. मैदानावर लक्ष्ये बदलावयास माणसे पुढे जातात, मुले असतात, कोणी विसरलेली वस्तू आणावयास वळतो.

येथे खरी अडचण येते. आपल्याला दिसत नाही हे ज्याने ठरवावयाचे, तोच डोळा सदोष झालेला असतो. प्रत्येक निरोगी डोळ्यातसुद्धा एक जागा अशी असते की जेथून दृष्टीची मज्जा बाहेर पडते आणि जेथे काहीच दिसत नाही. परंतु जन्मभर आपल्याला त्या छिद्राचा पत्ता नसतो, कारण भोवतालच्या रंगाने मन ते भरून काढते. काचबिंदूत बाजूची दृष्टी हळूहळू जाते तेव्हाही मन अशीच भर घालीत राहते आणि रोग्याला वाटते की सर्व ठीक आहे. मोतीबिंदू काढल्यावर वृद्ध माणसे पांढऱ्या धोतराकडे नवलाने पाहतात. इतकी वर्षे ते पिवळे दिसत होते हे त्यांना तेव्हा कळते. न दिसणाऱ्याला अंधार दिसतो, ही आपली कल्पना चुकीची आहे. त्याला पुष्कळदा सारे पूर्ण दिसते. त्यातले काही त्याच्या मनाने रचलेले असते. म्हणून 'मला अजून चांगले दिसते' हे वाक्य कितीही सत्यवचनी माणसाने उच्चारले तरी पुरावा म्हणून त्याची किंमत फार थोडी. एकेक डोळा आळीपाळीने झाकून चौकटींच्या कागदाकडे पाहावे, सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या तर त्याच आठवड्यात नेत्रवैद्यांकडे जावे, हा सल्ला उत्तम आहे. शस्त्राच्या परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. कायद्याला पाच वर्षे थोडी वाटत असतील. सत्तरीतल्या डोळ्याला ती फार मोठी आहेत.

मग साक्षीदार कोण? आमच्या परिचयाचे एक निवृत्त गणितशिक्षक सीमाभागातील एका गावी राहतात. तीस वर्षे त्यांनी नेमबाजीचा छंद केला आहे. सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यात पीतबिंदूचा विकार आरंभीच्या अवस्थेत आढळला. विकार दृष्टीच्या मधोमध असल्याने नेमाला नेमका तोच आडवा येतो. घरात दोन पक्ष पडले. चिरंजीवांचे म्हणणे, आता हे पुरे. सौभाग्यवतींचे म्हणणे, रविवारची सकाळ काढून घेतली तर हे घरात बसून पंचांगातही चुका काढतील. गुरुजींनी कोणाचेच ऐकले नाही आणि दोघांचेही थोडे थोडे ऐकले. पन्नास मीटरची रायफल त्यांनी थांबविली. दहा मीटरची हवाई बंदूक ठेवली. उजवा खांदा सोडून डाव्या खांद्याला दस्ता लावावयास ते नव्याने शिकले. हंगेरीच्या कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबाँबने निकामी झाला आणि डाव्या हाताने नेम शिकून त्यांनी १९४८ व १९५२ या दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली, ही हकीकत ते आपल्या विद्यार्थ्यांना पूर्वी सांगत असत. आता ती त्यांना स्वतःलाच सांगावी लागली. सहा महिने त्यांचे छर्रे लक्ष्याच्या कागदावर वाटेल तेथे पडत होते.

पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. मैदान मोकळे आहे की नाही हे ते आता स्वतः ठरवीत नाहीत. मैदानाची व्यवस्था पाहणारा तरुण त्यांचाच जुना विद्यार्थी. प्रत्येक वेळी छर्रा भरण्यापूर्वी ते त्याला मोठ्याने विचारतात, "मोकळे आहे ना रे?" एकदा तो हसून म्हणाला, "सर, समोरच तर आहे. दिसत नाही का?" गुरुजी म्हणाले, "दिसते. पण माझ्या एकट्याच्या दिसण्यावर मी आता चालत नाही. तू सांग." त्याच्याकडून त्यांनी आणखी एक वचन घेतले आहे. ज्या दिवशी आपला एखादा छर्रा कागद सोडून बाहेर जाईल त्या दिवशी त्याने बंदूक मागून घ्यावयाची. आपण वाद घालणार नाही. त्या तरुणाला हे वचन देणे जड गेले. ज्यांनी आपल्याला पाढे शिकविले त्यांच्या हातची वस्तू काढून घ्यावयाची, ही कल्पनाच त्याला सहन होईना. गुरुजींनी त्याला एवढेच सांगितले की, उत्तरपत्रिकेत तुझे गणित चुकले तेव्हा गुण कापताना मलाही बरे वाटत नव्हते.

या व्यवस्थेला काही लोक नावे ठेवतात. एक पक्ष म्हणतो, वानप्रस्थाच्या वयात शस्त्राची ओढ कशाला? प्रश्न योग्य आहे. त्यामागची भावनाही आदरणीय आहे. पण छंद सोडणाऱ्यांपैकी किती जण विरक्तीने सोडतात आणि किती जण पूर्वीचे गुण मिळेनात म्हणून रागाने सोडतात, हे पाहिले पाहिजे. कोल्ह्याने द्राक्षे सोडली त्याला कोणी संन्यास म्हणत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पुरुषाने शेवटपर्यंत कोणापुढे मान तुकवू नये, आपला निर्णय आपण घ्यावा. हा बाणा तरुणपणी शोभतो. वार्धक्यात त्याचा भार भोवतालच्या माणसांवर पडतो. सोडण्यातला अभिमान आणि धरून ठेवण्यातला अभिमान यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही. आपल्या भाषेत 'नेम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: रोखण्याचा तो एक नेम आणि पाळावयाचा तो दुसरा, एकादशीचा नेम, सोमवारचा नेम. गुरुजींचा पहिला नेम थोडा हलला आहे. दुसरा त्यांनी नव्याने बांधून घेतला आहे, आणि तो पाळणे पहिल्याहून कठीण आहे असे ते म्हणतात.

दृष्टी पुरती गेली तरी नेमबाजी संपतेच असेही आता राहिलेले नाही. अंधांसाठी नेमबाजीचा एक प्रकार आहे. त्यात बंदुकीवरचे यंत्र लक्ष्याच्या मध्याशी जुळू लागले की कानात ऐकू येणारा स्वर चढत जातो. तो स्वर ऐकून नेमबाज चाप ओढतो. ही शब्दवेधी विद्याच म्हणावयाची. दशरथाच्या हातून जी घोर अनर्थाला कारण झाली तीच येथे निर्मळ खेळ होऊन बसली आहे. फरक काय पडला? कान तोच, अंधारही तोच. फरक इतकाच की येथे लक्ष्याच्या मागे भिंत आहे, ती आहे याची खात्री डोळस माणसाने करून घेतली आहे, आणि नेम धरणाऱ्याने त्या खात्रीवर आपला चाप सोपविला आहे. शरयूच्या काठी दशरथाजवळ विचारावयास कोणी नव्हते. असते तर त्या वेळच्या त्या राजपुत्राने विचारले असते की नाही, हे सांगता येत नाही.

गुरुजींची जुनी रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली आहे. पुढे तिचे काय करावयाचे ते चिरंजीव कायद्याप्रमाणे पाहतील. गेल्या खंडेनवमीला घरातल्या शस्त्रपूजेत पाटावर हवाई बंदूक मांडली होती आणि तिच्या शेजारी गुरुजींनी नेमबाजीचा तो एका भिंगाचा चष्माही ठेवला होता. सूनबाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि थबकल्या. "मामंजी, काचेला लावू का?" त्यांनी विचारले. "चौकटीला लाव," गुरुजी म्हणाले, "काचेला नको. रविवारी मला ती लागणार आहे."